१९८४: ब्रिटनचा पहिला क्रमांक, बावन्न आठवडे आणि वहीतली एक रिकामी ओळ

शॉर्टवेव्ह (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी माळा आवरताना एक दोनशे पानी वही हाती लागली. तपकिरी पुठ्ठा, कोपरे झिजलेले, मलपृष्ठावर पाढे. १९८४ साली मी डोंबिवलीत अकरावीत होतो. ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर त्या आठवड्याला पहिल्या क्रमांकावर कुठलं गाणं आहे, ते ह्या वहीत दर आठवड्याला लिहीत असे. साधन एकच, बाबांचा ट्रान्झिस्टर आणि बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस. रात्री घरातले झोपले की गॅलरीत जाऊन एरियल ग्रिलला टेकवायची, आवाज अगदी बारीक करायचा आणि कान जाळीला लावायचा. शॉर्टवेव्हवर गाणं भरती-ओहोटीसारखं येतं. दोन ओळी स्वच्छ, मग खरखर, मग दुसऱ्याच कुठल्या देशाच्या बातम्या, आणि पुन्हा तेच गाणं, कडवं संपत आलेलं.

वहीत बावन्न ओळी आहेत. एक्कावन्न भरलेल्या आहेत, एक रिकामी. ती १ डिसेंबरच्या आठवड्याची. त्या आठवड्यात सेल संपले होते आणि नवे आणायला महिन्याच्या पगाराची वाट बघायची होती. ते नाव आज मिनिटभरात शोधून मिळेल, ठाऊक आहे. पण तेव्हा तिथे राहणाऱ्या, ते गाणं त्या आठवड्यात ऐकलेल्या कोणी सांगितलं तर मला जास्त आवडेल. म्हणून हा धागा.

आता वही वाचतो.

वर्षाची पहिली ओळ 'ओन्ली यू', द फ्लाइंग पिकेट्स. एकही वाद्य नाही, सगळं तोंडाने. १९८३ च्या नाताळाचा पहिला क्रमांक ह्यांचाच होता आणि तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकला. मग पॉल मॅकार्टनीचं 'पाइप्स ऑफ पीस' दोन आठवडे. त्याच्या चित्रफितीत १९१४ च्या नाताळात खंदकांतल्या सैनिकांनी आपण होऊन थांबवलेली लढाई आहे. इंग्रज सैनिकही मॅकार्टनीच आणि जर्मन सैनिकही तोच.

आणि मग 'रिलॅक्स'. फ्रँकी गोज टू हॉलिवूड, लिव्हरपूलची मुलं. हे गाणं १९८३ च्या ऑक्टोबरात आलं आणि आठवडेच्या आठवडे खालीच रेंगाळत होतं. ५ जानेवारीला ते बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' ह्या टीव्ही कार्यक्रमात झालं तेव्हा ३५ वं होतं, पुढच्या चार्टला एकदम सहावं. ११ जानेवारीला बीबीसीच्या रेडिओ वनवर निवेदक माइक रीडने गाण्याचा अर्थ अश्लील आहे म्हणून ते लावायला नकार दिला आणि पाठोपाठ बीबीसीने बंदी घातली. पंधरवड्यात गाणं पहिलं. पाच आठवडे देशातलं सर्वांत खपाचं गाणं राष्ट्रीय वाहिनीवर वाजतच नव्हतं. वहीत ह्या पाच ओळींपुढे मी फक्त नाव लिहून कंसात 'ऐकलं नाही' असं लिहिलंय. ऐकणार कुठून?

त्यानंतर तीन आठवडे नेना, 'नाइन्टी-नाइन रेड बलून्स'. सहा आठवडे लायनेल रिचीचं 'हॅलो'. चार आठवडे ड्युरान ड्युरानचं 'द रिफ्लेक्स', दोन आठवडे व्हॅमचं 'वेक मी अप बिफोर यू गो-गो'. हा टप्पा मी पटकन ओलांडतो, कारण पुढचं पान मला महत्त्वाचं वाटतं.

१६ जूनपासून ११ ऑगस्टपर्यंत, सलग नऊ आठवडे, एकच नाव: 'टू ट्राइब्ज'. पुन्हा फ्रँकी. थेट पहिल्याच क्रमांकावर अवतरलेलं. दोन महासत्ता एकमेकींवर उठल्या तर उरणार काय, ह्यावरचं गाणं, आणि त्याच्यावर लोक नाचत होते. चित्रफितीत अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे चेर्नेन्को ह्यांच्यासारखे दिसणारे दोघे मातीच्या आखाड्यात एकमेकांना लोळवतात. मोठ्या तबकडीवरच्या मिक्समध्ये हवाई हल्ल्याचा भोंगा आहे, आणि अणुहल्ला झाला तर घरात काय करावं ह्याच्या सूचना देणारा एक धीरगंभीर आवाज. तो आवाज पॅट्रिक ॲलन ह्या नटाचा. ब्रिटिश सरकारने खरोखरच अशा सूचनांच्या फिती तयार करून ठेवल्या होत्या आणि त्यांनाही ह्याच ॲलनचा आवाज होता. गाण्यासाठी त्याने पुन्हा तेच बोलून दिलं.

आणि योगायोग बघा. 'टू ट्राइब्ज'चा शेवटचा आठवडा ११ ऑगस्टचा. त्याच दिवशी रेगन रेडिओ भाषणाआधी माइकची चाचणी घेताना म्हणाले, रशियाला कायमचं बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर मी सही केली आहे, पाच मिनिटांत बॉम्बहल्ला सुरू होईल. ते वाक्य बाहेर फुटलं. डोंबिवलीच्या गॅलरीत बातम्यांमध्ये हे ऐकून माझे हात गार पडले होते, ते मला आजही आठवतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्षअखेरीला 'सर्वोत्तम दहा' निवडली की त्यातून वर्ष कळत नाही, त्यात निवडणाऱ्याची आवड कळते. आठवड्याआठवड्याची ही रांग वाचली की त्या समाजाच्या मनात काय चाललं होतं ते दिसतं. मार्चमध्ये नेनाच्या गाण्यातलं, फुग्यांमुळे पेटलेलं युद्ध, जून ते ऑगस्ट 'टू ट्राइब्ज'मधल्या दोन टोळ्या. त्या वर्षी भीती पहिल्या क्रमांकावर होती.

पुढचं थोडक्यात: जॉर्ज मायकल 'केअरलेस व्हिस्पर' तीन आठवडे, स्टीव्ही वंडर 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' सहा, व्हॅम 'फ्रीडम' तीन, चाका खान 'आय फील फॉर यू' तीन, मग माझी रिकामी ओळ, मग फ्रँकीचं 'द पॉवर ऑफ लव्ह' एक आठवडा, आणि १५ डिसेंबरपासून वर्ष संपेपर्यंत बँड एड, म्हणजे दुष्काळग्रस्तांसाठी एकत्र आलेले गायक, 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'.

चिकूचं_झाड

काका, काय सुंदर लिहिलंय! माझा जन्म २००३ चा, त्यामुळे एक मूलभूत प्रश्न. सिंगल म्हणजे नक्की काय विकत घेत होते लोक? एका गाण्यासाठी एक तबकडी? आणि पहिला क्रमांक ठरवत कोण होतं? आमच्याकडे स्ट्रीमिंगचे आकडे समोरच दिसतात.

तबकडी

@चिकूचं_झाड, हो, एका गाण्यासाठी एक तबकडी. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे. एका बाजूला गाजवायचं गाणं, दुसऱ्या बाजूला आणखी एक. शिवाय बारा इंची सिंगल असे, त्यात त्याच गाण्याचं लांबवलेलं, नाचायला सोयीचं रूप.

ब्रिटनचा चार्ट तेव्हा निव्वळ विक्रीवर ठरत असे. रेडिओवर किती वेळा वाजलं ते त्यात धरत नसत. अमेरिकेचा बिलबोर्डचा हॉट हंड्रेड विक्री आणि रेडिओ दोन्ही धरायचा. म्हणून 'रिलॅक्स'सारखी गोष्ट ब्रिटनमध्ये होऊ शकली. रेडिओने दार लावलं तरी दुकानाचं दार उघडं होतं.

१९८३ च्या जानेवारीपासून हे काम गॅलपकडे आलं. त्याआधी ठरावीक दुकानांतले विक्रेते हाताने नोंदवही भरायचे. गॅलपने दुकानांत यंत्रं बसवली. गल्ल्यावर तबकडीचा क्रमांक दाबायचा आणि रात्री फोनच्या तारेवरून सगळी नोंद मुख्य संगणकाकडे जायची. नवा चार्ट मंगळवारी दुपारी जाहीर व्हायचा आणि रविवारी संध्याकाळी रेडिओ वनवर चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत सगळी गाणी वाजायची.

आपल्या वाचकांना गीतमालेची आठवण होईलच. अमीन सायानींची 'पायदान' चढणारी गाणी दर बुधवारी रात्री आठ वाजता ऐकली नाहीत असं घर विरळा. पण तिथे दुकानांतल्या विक्रीबरोबर श्रोता संघांच्या पत्रांचाही विचार व्हायचा. पत्र लिहिणारा माणूस आणि पैसे मोजणारा माणूस हे दोन वेगळे मतदार आहेत. ब्रिटनमध्ये फक्त दुसऱ्याचं मत मोजलं जायचं.

'टू ट्राइब्ज'च्या नऊ आठवड्यांमागे आणखी एक गोष्ट आहे. निर्माता ट्रेव्हर हॉर्न आणि त्यांची झेडटीटी कंपनी दर काही दिवसांनी त्याच गाण्याचं नवं मिक्स बाजारात आणत होती. सात इंची आणि बारा इंची सगळ्यांची विक्री एकाच नावावर मांडली जायची. ज्याने आधी घेतलंय तो नवं मिक्स आलं की पुन्हा घ्यायचा. पुढे किती प्रकार मोजायचे ह्यावर नियम करावे लागले. त्या उन्हाळ्यात 'रिलॅक्स'सुद्धा पुन्हा वर चढून दुसरं आलं. म्हणजे पहिलं फ्रँकी आणि दुसरंही फ्रँकी.

हॉर्न ह्या माणसाची त्या जानेवारीतली कमाल सांगतो. यस ह्या बँडचं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' अमेरिकेत पहिलं होतं आणि त्याच सुमारास 'रिलॅक्स' ब्रिटनमध्ये पहिलं. दोन्ही ह्याच्याच हातची.

टेम्सकाठची

शॉर्टवेव्ह, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. मी १९७८ मध्ये दहा वर्षांची असताना आईबाबांबरोबर लंडनला आले. १९८४ मध्ये मी सोळाची. तुम्ही कान लावून जे ऐकत होतात ते मी दुकानात जाऊन विकत घेत होते.

शनिवारी सकाळी हातखर्चाचे पैसे घेऊन वूलवर्थ्सला जायचं. भिंतीवर चार्टच्या क्रमाने कप्पे असत, एक ते चाळीस, आणि प्रत्येक कप्प्यात त्या त्या गाण्याच्या तबकड्या. पहिल्या क्रमांकाचा कप्पा दुपारपर्यंत रिकामा. एक सिंगल साधारण सव्वा-दीड पौंडाला. आठवड्याला एकच परवडायची, म्हणून निवड करताना अर्धा अर्धा तास जायचा. आई बाहेर पिशव्या धरून उभी. ती कधी ओरडली नाही. 'घेतलीस का गं?' एवढंच विचारायची.

'रिलॅक्स'चं सांगते. गुरुवारी संध्याकाळी 'टॉप ऑफ द पॉप्स' आम्ही सगळे बघायचो, बाबासुद्धा. कार्यक्रमाच्या शेवटी पहिल्या क्रमांकाचं गाणं व्हायचंच, तो रिवाज होता. त्या पाच आठवड्यांत नाव सांगायचे, चित्र दाखवायचे आणि दुसरंच कुणाचं तरी गाणं लावायचे. बाबा विचारायचे, 'पहिलं आहे तर लावत का नाहीत?' मी काय उत्तर देणार!

भीतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. १९८३ च्या नोव्हेंबरात ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रं आली होती आणि बायका तिथे तळाच्या कुंपणाला लागून तंबू ठोकून बसल्या होत्या. शाळेत मुली आपसात बोलायच्या, चार मिनिटं आधी भोंगा वाजेल, त्या चार मिनिटांत तू कुणाला फोन करशील? मी म्हणायचे, पुण्याला आजीला. मग कळायचं की चार मिनिटांत ट्रंक कॉल लागणारच नाही. सोळाव्या वर्षी मनात हा हिशोब चालायचा आणि शनिवारी डिस्कोत तो भोंगा वाजला की सगळ्या नाचायच्या. त्यात छचोरपणा नव्हता. सगळ्यांनी मिळून घाबरणं एकटीने घाबरण्यापेक्षा सोपं होतं.

ह्याच यादीत अल्ट्राव्हॉक्सचं 'डान्सिंग विथ टीअर्स इन माय आइज' धरायला हवं, जरी ते तिसऱ्यापर्यंतच गेलं. तेही शेवटच्या काही घटकांबद्दलच आहे. त्यातला गायक मिज युअर, तोच डिसेंबरात बँड एडच्या मागे.

रिकाम्या ओळीबद्दल लिहिते उद्या. ती गोष्ट घाईत सांगायची नाहीये.

पाचगणीकर

उत्तम धागा. पहिल्या क्रमांकाइतकंच दुसऱ्याकडेही बघा अशी विनंती. १९८४ चे दुसरे क्रमांक हे स्वतंत्र वर्ष आहे: क्वीनचं 'रेडिओ गा गा', सिंडी लॉपरचं 'गर्ल्स जस्ट वॉन्ट टू हॅव फन', फिल कॉलिन्सचं 'अगेन्स्ट ऑल ऑड्स', रे पार्करचं 'घोस्टबस्टर्स', ड्युरान ड्युरानचं 'द वाइल्ड बॉइज'. ह्यातलं एकही त्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिलं झालं नाही. 'रेडिओ गा गा'च्या वर 'रिलॅक्स' बसलं होतं आणि 'घोस्टबस्टर्स'च्या वर स्टीव्ही वंडर.

'रेडिओ गा गा'शी माझं नातं जवळचं आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या मुलांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून पियानो वाजवायचा. शाळेवरून जाताना आजही माझी चाल मंद होते. पण १९८४ मध्ये पाचगणीत हे कुणाला फारसं माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. गाणं क्वीनच्याच रॉजर टेलरचं, विषय रेडिओच्या सरत्या दिवसांचा. आणि बघा, बंदीमुळे रेडिओवर न वाजणारं गाणं पहिलं आणि रेडिओची आठवण काढणारं दुसरं. पुढच्या जुलैत लाइव्ह एडच्या मैफलीत वेम्बलीवर ह्याच गाण्याला अख्ख्या मैदानाने एका ठेक्यात टाळ्या दिल्या. क्रमांकाचं मोजमाप तिथे संपतं.

गिरणगाव१९८२

फ्लाइंग पिकेट्स ह्या नावावर थांबायला हवं होतं, धागाकर्ते. फ्लाइंग पिकेट म्हणजे एका खाणीचे किंवा कारखान्याचे संपकरी जथ्याने दुसरीकडे जाऊन तिथलं फाटक अडवतात, ते. ह्या गायकांतले बरेचसे '७:८४' ह्या डाव्या विचारांच्या नाटक मंडळीतले. सात टक्के लोकांकडे चौऱ्याऐंशी टक्के संपत्ती, म्हणून ते नाव. 'ओन्ली यू' पहिल्यावरून उतरलं आणि दोन महिन्यांत, मार्चमध्ये, ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांचा संप सुरू झाला. वर्षभर चालला. ही मंडळी खाणकामगारांच्या बाजूने उभी राहिली.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. आमच्या संपाचं काय झालं ते इथे सांगायची गरज नाही. पण १९८४ च्या ब्रिटनकडे मी फक्त अणुबॉम्बच्या भीतीचं वर्ष म्हणून बघू शकत नाही. 'हॅलो' सहा आठवडे पहिलं होतं तेव्हा खाणींच्या वस्त्यांमध्ये पगार बंद होते. तिथल्या पोरांनी सिंगल कशाने घेतली असेल? चार्ट फक्त विकत घेणाऱ्याचं मत मोजतो, तबकडी म्हणतात तसं. ज्याच्या खिशात काही नव्हतं, त्याची नोंद ह्या बावन्न ओळींमध्ये नाही.

शॉर्टवेव्ह (धागाकर्ता)

@गिरणगाव१९८२, हे मी विचारात घेतलंच नव्हतं. माझं 'समाजाच्या मनात काय चाललं होतं ते दिसतं' हे वाक्य त्यामुळे अर्धवट ठरतं, ते मी मागे घेतो. ज्याला परवडलं त्याच्या मनातलं दिसतं, एवढंच म्हणता येईल. संपकऱ्यांचं एकही गाणं त्या वर्षी वर पोचलं नाही आणि युद्धाची गाणी पोचली, हीसुद्धा एक नोंदच आहे.

@टेम्सकाठची, ताई, उद्याची वाट बघतोय.

सॅक्स_सप्तक

मी वाद्यवृंदात पंधरा वर्षं सॅक्सोफोन वाजवलाय, त्यामुळे 'केअरलेस व्हिस्पर'वर लिहिल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज मायकलने हे व्हॅममधला जोडीदार अँड्र्यू रिजली ह्याच्याबरोबर रचलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आधी अमेरिकेत अलाबामातल्या मसल शोल्सला जाऊन जेरी वेक्सलरसारख्या बुजुर्ग निर्मात्याकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं. ऐकलं आणि बाजूला ठेवलं. विशीतल्या पोराने केवढ्या मोठ्या माणसाचं काम नाकारलं! मग लंडनमध्ये स्वतः पुन्हा केलं. सॅक्सच्या त्या तुकड्यासाठी एकामागून एक वादक बोलावले, आणि शेवटी स्टीव्ह ग्रेगरीचा घेतला.

तो तुकडा कागदावर सोपा दिसतो. वरून खाली उतरणारी ओळ, मग तीच ओळ जरा खालून, मग आणखी खालून. पण प्रत्येक उतरणीत एक स्वर किंचित उशिरा सोडायचा असतो. वेळेवर सोडला की व्यायाम वाटतो, उशिरा सोडला की कोणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं वाटतं. मला ते जमायला आठ महिने लागले. लग्नाच्या स्वागत समारंभांत हा तुकडा मी किती वेळा वाजवला त्याची गणती नाही, आणि दर वेळी पहिल्या चार स्वरांवर मंडपातले लोक ताटातून मान वर करायचे. इंग्रजीचा एक शब्द न समजणारेसुद्धा.

ब्रिटनमध्ये हे एकट्या जॉर्ज मायकलच्या नावावर निघालं. अमेरिकेत व्हॅमचं नाव पुढे लावलं आणि तिथे १९८५ च्या फेब्रुवारीत पहिलं झालं.

तबकडी

एक जोड. १९८४ मध्ये स्टीव्ही वंडर पहिल्या क्रमांकावर दोनदा आहे. स्वतःचं गाणं सहा आठवडे, आणि चाका खानच्या 'आय फील फॉर यू'मधली हार्मोनिका त्याचीच. ते गाणं मुळात प्रिन्सचं, १९७९ च्या त्याच्या अल्बममधलं, आणि सुरुवातीचा रॅप मेली मेलचा. प्रिन्स स्वतः मात्र त्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिला झाला नाही. अमेरिकेत पाच आठवडे पहिलं असलेलं 'व्हेन डव्ह्ज क्राय' इथे चौथ्यावर थांबलं.

आणि 'आय जस्ट कॉल्ड'ला हलकंफुलकं म्हणून सोडून देऊ नका. १९८५ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा स्टीव्हीने तो सन्मान नेल्सन मंडेलांच्या नावे स्वीकारला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीने त्याची सगळी गाणी बंद केली. वर्षाची सुरुवात एका बंदीने झाली होती, आणि त्या वर्षातल्या दुसऱ्या गाण्यामुळे ही दुसरी बंदी.

ऋतुगंध

बँड एडवर कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर मायकल बर्क ह्यांचा इथिओपियातल्या कोरेमहून दुष्काळाचा वृत्तांत दाखवला गेला. कॅमेरा मोहम्मद अमीन ह्यांचा, नैरोबीत जन्मलेले, मूळ पंजाबी घरातले. गायक बॉब गेल्डॉफने तो पाहिला, मिज युअरला गाठलं, आणि २५ नोव्हेंबरच्या रविवारी लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत त्या वर्षातले बहुतेक पहिले-दुसरे क्रमांक एका माइकपुढे उभे राहिले. जॉर्ज मायकल, ड्युरान ड्युरान, ढोलांवर फिल कॉलिन्स. ब्रिटनमध्ये तीस लाखांवर प्रती गेल्या.

पैशाने जीव वाचले, ते मी मान्य करते. पण गाण्यातला आफ्रिका म्हणजे पाऊस नाही, नदी नाही, नाताळ ठाऊक नाही असा एक ओसाड तुकडा आहे. इथिओपियातला ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकातला, ब्रिटनमधल्या बहुतेक चर्चपेक्षा जुना. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. नाताळ त्यांना माहीत आहे का, हा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता. मदत करताना समोरच्याची ओळख पुसली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दुष्काळी भागातल्या बाईचा फोटो छापताना तिचं नाव-गाव विचारायचं राहून जातं, तेव्हाही मला हेच खुपतं.

शिवाय ते गाणं निघालं त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भोपाळ घडलं.

टेम्सकाठची

ऋतुगंध, तुझं बरोबर आहे. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. मी ती तबकडी दोनदा घेतली, एक मला आणि एक बाबांनी ऑफिसात भेट द्यायला. सरकारने मूल्यवर्धित कर सोडायला नकार दिला म्हणून बाबा भयंकर संतापले होते. पुढे सरकारने तेवढी रक्कम मदतीसाठी देऊन टाकली.

आणि त्या नाताळात दुसरं राहिलेलं गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे: व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस'. त्याचं मानधनही त्यांनी इथिओपियाला दिलं. ते पहिलं व्हायला २०२१ चा १ जानेवारी उजाडला. छत्तीस वर्षं. जॉर्ज मायकल तोवर गेला होता, २०१६ च्या नाताळच्याच दिवशी.

आता शॉर्टवेव्ह, तुमची रिकामी ओळ.

१ डिसेंबर १९८४: जिम डायमंड, 'आय शुड हॅव नोन बेटर'. ग्लासगोचा माणूस, बुटका, कुरळ्या केसांचा, आवाज मात्र छत फाडून जाणारा. चूक केल्यावर पस्तावलेल्या माणसाचं गाणं. एकट्याच्या नावावरचा त्याचा पहिलाच पहिला क्रमांक, आणि पुढे दुसरा कधी आला नाही. पण आयुष्यात एकदा मिळालेल्या त्या आठवड्यात तो जाहीरपणे म्हणाला की पुढच्या आठवड्यात माझी तबकडी घेऊ नका, बँड एडची घ्या.

मी ते ऐकलं तेव्हा त्याची तबकडी आदल्याच दिवशी घेतलेली होती. पुढच्या शनिवारी दुकानात गेले तर बँड एडसाठी फूटपाथपर्यंत रांग. माझ्यापुढे एक वयस्कर बाई होत्या, हातमोजे घातलेल्या. त्यांनी गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं, 'तो स्कॉटिश मुलगा म्हणाला ती हीच ना?' बँडचं नाव, गाण्याचं नाव, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

जिम डायमंड २०१५ मध्ये गेला. माझ्याकडे ती सात इंची अजून आहे. मुलीच्या घरी लावून बघितली काल रात्री. सुरुवातीला दोन ठिकाणी सुई अडखळते, पुढे स्वच्छ वाजते.

चिकूचं_झाड

ताई, आत्ता ऐकलं. तिसऱ्यांदा लावलंय.

शॉर्टवेव्ह (धागाकर्ता)

ताई, वही समोर घेऊन बसलोय. बाकीच्या ओळी निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या आहेत, चाळीस वर्षांत जांभळट झाल्यात. तसलं पेन कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळालं. १ डिसेंबरच्या पुढे 'जिम डायमंड' लिहिलं, गाण्याचं नाव लिहिलं. 'रिलॅक्स'पुढे जसं कंसात 'ऐकलं नाही' लिहिलं होतं, तसं इथे कंसात लिहिलं, 'टेम्सकाठच्या ताईंकडून'.

बायको विचारत होती, रात्री साडेअकराला इअरफोन लावून गॅलरीत काय करतोयस. ती आता शेजारी येऊन बसली आहे, एक इअरफोन तिच्या कानात आहे.